वैरणीचा हिशेब

परवा एका जिल्ह्याच्या गावी शहर बसच्या नव्या आगारात गेलो होतो. चार्जर ओळीने उभे होते, अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच. शेजारी रोहित्रासाठी ओटा बांधून तयार, पण रोहित्र नाही. कार्यशाळेतल्या मिस्त्रींना विचारलं, "बस कधी येणार?"

"बसचं काय, साहेब, उद्यासुद्धा आणतील. लाइन यायचीय."

"लाइन कुठे अडलीय?"

मिस्त्रींनी हात पुसत बोटं मोजली. वीजवाले म्हणतात, आधी पैसे भरा. पालिका म्हणते, ते कंत्राटदाराचं काम. कंत्राटदार म्हणतो, करारात कुठे लिहिलंय ते दाखवा. "तोवर आम्हाला जुन्या गाड्यांचे क्लच तरी द्या म्हणावं."

बैलजोडी घ्यायला सोसायटी कर्ज देते. वैरण, पेंड आणि पाण्याचा हिशेब मात्र घरच्यांनाच करावा लागतो, आणि तो न करता बाजारातून बैल हाकत आणणाऱ्याला गावात कुणी शहाणं म्हणत नाही. इलेक्ट्रिक बसच्या बाबतीत आपल्या महापालिका आणि सरकार हेच करत आहेत. खरेदीसाठी पैसा कुठून आणायचा याच्या दहा वाटा त्यांना तोंडपाठ आहेत. पुढची १२ वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, धावलेल्या किलोमीटरचे पैसे कुणी भरायचे? इथे सगळे एकमेकांकडे बघतात.

आधी दिल्लीचा पैसा पाहू, कारण निम्म्या फाइली तिथूनच सुरू होतात.

एप्रिल २०१९ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा आला. तरतूद १०,००० कोटींची, पुढे ती ११,५०० कोटींवर गेली. बससाठी बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे २०,००० रुपये अनुदान होतं. थोडक्यात, बॅटरी जितकी मोठी तितका पैसा जास्त. त्यातून बस रस्त्यावर आल्या हे मान्यच. पण खरेदीला पैसा द्यायचा आणि चालवण्याचं पुढे बघू म्हणायचं, ही सवय त्याहून जुनी आहे. शहरांसाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या काळात सोलापूरला आलेल्या बस आठवा. चेसी तडकल्या, वाद लागला आणि नव्या कोऱ्या गाड्या वर्षानुवर्षं आगारात पडून राहिल्या. सोलापूरकर तोवर रिक्षाने फिरले. अनुदानात बसची किंमत होती. बस बंद पडली तर शहराने काय करायचं, याला त्यात एक रुपयाही नव्हता.

१६ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने 'पीएम-ई-बस सेवा' मंजूर केली आणि पहिल्यांदा शहाणपणाची गोष्ट केली. १०,००० बस, केंद्राचा वाटा २०,००० कोटी, आणि पैसा बसच्या किमतीला न देता किलोमीटरला द्यायचा. १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, आणि हे १० वर्षं. शिवाय आगारातल्या वीजसोयीचा खर्च केंद्र उचलणार. ही योजना मला मनापासून पटते, कारण इथे बस चालली तरच पैसा येतो. कोल्हापूर आणि सोलापूर यांना प्रत्येकी १०० बस मंजूर झाल्या. मोठ्या महानगरांच्या सावलीत राहिलेल्या शहरांसाठी यापेक्षा बरी संधी याआधी आलेली नाही. म्हणूनच आगाराची जागा सपाट करणं, निविदा, वीजजोडणी अशा साध्या कामांत इथे जो वेळ जातो, त्याचा मला राग येतो. दिल्लीने वैरणीचे पैसे देऊ केले आणि आपण गोठाच बांधला नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात तिसरी योजना आली, 'पीएम ई-ड्राइव्ह'. एकूण १०,९०० कोटी. त्यातले ४,३९१ कोटी १४,०२८ बससाठी आणि २,००० कोटी चार्जिंग स्थानकांसाठी. बस ४० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या नऊ शहरांना मिळणार होत्या आणि या नऊत मुंबई व पुणे दोन्ही आहेत. २०२५ मध्ये पहिलं मोठं वाटप झालं, योगायोगाने १०,९०० बसचं. बेंगळुरू ४,५००, दिल्ली २,८००, हैदराबाद २,०००, अहमदाबाद १,०००, सुरत ६००. बेरीज करून पाहा. मुंबईला काही उरत नाही, पुण्यालाही नाही.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २०२२ मध्ये सीईएसएल या केंद्रीय कंपनीने ५,४५० बसची एकत्रित निविदा काढली. पाच शहरांनी मागणी एकत्र केली आणि १२ मीटर बसचा दर किलोमीटरमागे ४३ रुपये ४९ पैशांपर्यंत खाली आला. ती पाच शहरं होती कोलकाता, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद आणि सुरत. मुंबईने स्वतंत्र निविदा काढल्या, तो तिचा अधिकार. पण घाऊक भावात खरेदी चालू असताना शेजारच्या दुकानात एकट्याने जाणाऱ्याचं नुकसान कसं होतं, हे कुठल्याही बाजारकरी बाईला विचारा.

आता मुख्य गाठ, ती म्हणजे भरवशाची.

बस आता शहर विकत घेत नाही. कंत्राटदार बस आणतो, चालवतो, देखभाल करतो. शहर त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देतं आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवतं. करारात रोजचे हमीचे किलोमीटर असतात. बस तेवढी पळवली नाही तरी पैसे द्यावेच लागतात. कागदावर ही व्यवस्था स्वच्छ आहे. फक्त शहराने वेळेवर पैसे द्यायला हवेत, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खातं. बिल चार महिने थकलं की कंत्राटदाराचा हप्ता थकतो, बँक घाबरते, पुढच्या निविदेत दर चढतो किंवा निविदेला कुणी येतच नाही. भाडेकरारावरचे ठेकेदार मध्येच काम सोडून गेल्याचं मुंबईने पाहिलं आहे. त्या गाड्या सीएनजीच्या होत्या, पण सकाळी थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला इंधन कुठलं याने काय फरक पडला?

यावर केंद्राने ३,४३५ कोटींचा देयक सुरक्षा निधी उभा केला. त्यात ३८,००० हून जास्त बस येऊ शकतात. शहराने पैसे दिले नाहीत तर हा निधी कंत्राटदाराला देतो आणि मग ते पैसे राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून थेट वळते करून घेतो. त्यासाठी राज्याने आधी लेखी संमती द्यायची असते. अर्थ खात्याला असा कागद आवडत नाही, कारण त्यावर सही केली की पैसे अडवून ठेवण्याची सोय संपते. माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्राने ही सही प्रत्येक पात्र शहरासाठी, न मागता, पहिल्या दिवशी करावी. जे राज्य स्वतःच्या वचनावर सही करायला कचरतं, त्याला स्वस्त दर मागायचा हक्क नाही.

स्वस्त दर म्हणजे काय, तेही आकड्यांत पाहू. इलेक्ट्रिक बस डिझेल बसच्या दुपटीहून महाग पडते. चालवायला मात्र स्वस्त, कारण तेवढ्याच अंतराला विजेचा खर्च डिझेलच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे या बसचा बहुतेक भार पहिल्या दिवशीच येतो आणि तो कर्जाने उचलावा लागतो. एका बसमागे १ कोटीचं कर्ज, १२ वर्षांसाठी धरा. साडेसात टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १ लाख ५ हजार. अकरा टक्क्यांनी १ लाख २५ हजार. फरक २० हजारांचा. बस महिन्याला ६,००० किलोमीटर धावली तर किलोमीटरमागे सव्वातीन रुपयांहून थोडे जास्त नुसत्या व्याजाच्या फरकात जातात. प्रवाशाला यातून बसायला एक गादीही जास्त मिळत नाही.

मग ज्याला कर्ज स्वस्त मिळतं त्याने ते का घेऊ नये? चिलीच्या सान्तियागो शहराने हा प्रश्न २०१७-१८ मध्येच विचारला. तिथे पहिल्या शंभर इलेक्ट्रिक बस एका वीज कंपनीने विकत घेतल्या, चार्जिंगची सोय उभारली आणि बस चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिल्या. पुढे सरकारने बस पुरवणारा आणि बस चालवणारा यांचे करारच वेगळे केले. चालवणारा नापास झाला तर तो बदलायचा, बस आणि आगार तिथेच राहतात. आज तिथे दोन हजारांवर इलेक्ट्रिक बस धावतात. आपल्याकडे बस, चार्जर, चालक आणि कर्ज हे सगळं एकाच कंत्राटदाराच्या गळ्यात असतं. तो अडला की शहर थांबतं.

आगार, वीजवाहिनी, रोहित्र आणि चार्जर सार्वजनिक मालकीचे असलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. बस दुसऱ्याची असली तरी चालेल. बस १२ वर्षांनी भंगारात जाईल, जमिनीखालची केबल मात्र पुढच्या तीन पिढ्यांच्या बस चालवेल.

चार्जिंगच्या बाबतीत लोकांना एक गोष्ट सांगितलीच जात नाही. ५० बसचं आगार म्हणजे विजेचं एक छोटं गाव असतं. २४० किलोवॉटचे १० चार्जर एकाच वेळी चालले तर भार होतो २,४०० किलोवॉट. घरटी ३ किलोवॉट धरले तर तो ८०० घरांच्या मंजूर भाराइतका. हा भार कोपऱ्यावरच्या डीपीवरून मिळत नाही. उच्चदाबाची जोडणी लागते, कधी नवा फिडर, कधी उपकेंद्राचीच क्षमता वाढवावी लागते. त्याला महिने लागतात, कधी वर्षही. म्हणून निधीचा क्रम उलटा हवा. आधी वीज, मग आगार, शेवटी बस. आपल्याकडे बसपासून सुरुवात होते, कारण तिच्यासमोर हार घालून फोटो काढता येतो.

केंद्राच्या चार्जिंगसाठीच्या २,००० कोटींत बसस्थानकांचा विचार केलेला आहे. सार्वजनिक बसस्थानकांवर वीजवाहिनी, रोहित्र वगैरे सोयीच्या खर्चाला ८० टक्के आणि चार्जरला ७० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. सर्वांना खुलेपणाने वापरू देणाऱ्या सरकारी आवारांना तर शंभर टक्क्यांपर्यंत. एसटीची राज्यभरात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. तालुक्याच्या ठिकाणी मोक्याच्या जागा आहेत. दिवसा तिथल्या चार्जरवर टॅक्सी, रिक्षा, टेम्पो भरता येतील, रात्री बस. दिवसाचं उत्पन्न रात्रीच्या किलोमीटरला लागेल. परिवहन मंत्र्यांनी आगारवार यादी प्रसिद्ध करावी: कुठल्या आगाराने अर्ज केला, किती भार मागितला, लाइन कधी येणार. एका फळ्यावर मावेल इतकीच ही माहिती आहे.

एसटीबद्दल बोलताना जीव गुंततो, म्हणून थोडं सविस्तर.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे-नगर धावली. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर 'शिवाई' ही पहिली इलेक्ट्रिक एसटी धावली. ते दृश्य पाहून माझ्यासारख्या अनेकांना बरं वाटलं. मग २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक बसचा करार झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या करारांपैकी एक. पण बस ठरल्या वेळेला आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये करार रद्द करण्याचे आदेश मंत्र्यांनीच दिल्याच्या बातम्या आल्या. पुरवठादाराला जबाबदार धरलंच पाहिजे. त्याच वेळी दुसरंही विचारलं पाहिजे: बस वेळेवर आल्या असत्या तर त्यांच्या किलोमीटरचा पैसा कुठे होता?

एसटीचा साचलेला तोटा सरकारच्याच श्वेतपत्रिकेनुसार १०,००० कोटींच्या वर आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. या सवलतींच्या मी पूर्ण बाजूने आहे. गावातल्या बाईला माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाण्याचं स्वातंत्र्य या अर्ध्या तिकिटाने दिलं. पण सवलतीचा परतावा सरकारने एसटीला दर महिन्याला, पूर्ण आणि ठरल्या तारखेला दिला पाहिजे. तो अडला की पगार अडतो, सुटे भाग अडतात आणि इलेक्ट्रिक बसचं बिलही अडतं. सवलत देणाऱ्या हाताने ती दुसऱ्याच्या खिशातून द्यायची नसते.

एक साधा हिशेब. तिकिटातून येणारं उत्पन्न आणि कंत्राटदाराचा दर यांत किलोमीटरमागे फक्त १० रुपयांची तूट धरा. बस रोज २०० किलोमीटर धावते. वर्षाला एका बसमागे ७ लाख ३० हजार. १०० बसला ७ कोटी ३० लाख. १२ वर्षांत ८७ कोटी ६० लाख. ज्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत बसचा ठराव टाळ्यांनी मंजूर होतो, तिथे हा दुसरा आकडा कधी वाचून दाखवतात का? तो वाचलाच पाहिजे. आकडा मोठा दिसतो म्हणून बस नको, असं कुणी म्हणेल. त्याला माझं उत्तर आहे की एखाद्या उड्डाणपुलावर याहून जास्त पैसा एका झटक्यात घालताना कुणी उत्पन्नाचा ताळेबंद मागत नाही.

हा पैसा आणायचा कुठून? पहिलं ठिकाण राज्याच्या हातातच आहे. महाराष्ट्र २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर घेतो. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर, व्यावसायिक वाहनाला ८ वर्षांनंतर. धूर सोडणाऱ्या गाडीकडून घेतलेला पैसा धूर न सोडणाऱ्या बसच्या किलोमीटरला लावणं यापेक्षा सरळ गोष्ट कोणती? आज तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून तो कुठे गेला, हे कुणाला शोधता येत नाही. कायद्याने त्याचा वेगळा निधी करा.

दुसरं ठिकाण पार्किंग. लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला सार्वजनिक जागेवर तासन्‌तास उभी राहणारी मोटार शहराची जमीन अडवते. तिच्याकडून योग्य भाडं घ्या आणि ते थेट बसच्या खात्यात टाका. पुण्यात पार्किंगचा विषय निघाला की नगरसेवकांना घाम फुटतो, हे ठाऊक आहे. घाम फुटू दे.

तिसरी वाट रोख्यांची. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे आपल्या शहराला बाजारात स्वस्त पैसा मिळतो, हे सिद्ध झालेलं आहे. गुंतवणूकदार मात्र खात्रीचं उत्पन्न बघतो. बसचा तोटा भरायला रोखे काढू नयेत, ते उद्याच्या गळ्यातलं ओझं होईल. आगार, रोहित्र, चार्जर, जमिनीखालची केबल यांसाठी जरूर काढावेत, आणि तारण म्हणून पार्किंगचं उत्पन्न बांधून द्यावं. शिवाय मोठ्या शहरांच्या हवेसाठी वित्त आयोगाने दिलेला निधी आहे. तो रस्ते झाडण्याच्या यंत्रांत आणि कारंज्यांत संपू नये.

पुण्याला एक सोय आहे: तिथली बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका ६० आणि ४० टक्क्यांनी वाटून घेतात. त्यावरून भांडणं होतात, पण जबाबदारी कुणाची हे लिहिलेलं आहे. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर यांच्या बसने आसपासच्या गावांपर्यंत जायचं असेल, तर त्या गावांनी आणि जिल्हा परिषदेने किती भरायचं, हेही आधी लिहून घ्या. नंतर लिहायला बसलो तर बस आणि गाव दोन्ही अडकतात.

चालकाच्या प्रशिक्षणाचा पैसाही याच हिशेबात हवा. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या कुर्ल्यात इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. चालक कंत्राटी होता. क्लच-गिअरच्या बसवर हात बसलेल्या माणसाला गिअर नसलेल्या, झटक्यात वेग घेणाऱ्या बारा मीटरच्या गाडीवर बसवायचं तर त्याला आठवडे लागतात, सराव लागतो आणि त्या दिवसांचा पगारही लागतो. किलोमीटरचा दर घासून खाली आणला की पहिली कात्री यालाच लागते. निविदेत प्रशिक्षणाची रक्कम वेगळी दाखवा, तिच्यावर बोलीच नको.

त्या आगारात मिस्त्रींकडे पुन्हा गेलो तेव्हा साडेपाच वाजत आले होते. फाटकाबाहेर कॉलेजच्या मुली पास हातात धरून उभ्या होत्या. शेवटची गाडी सहाची. आधी साडेसातची होती, ती गेल्या वर्षी बंद झाली. त्यातल्या एकीने विचारलं, "काका, नव्या गाड्या आल्या की साडेसातची परत चालू होईल ना?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी रोहित्राच्या रिकाम्या ओट्याकडे.

"लाइन आली की," ते म्हणाले, आणि सहाच्या गाडीचं बॉनेट उघडलं.